शाब्बास कधी म्हणायचं, कुणाला म्हणायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाब्बास या एका शब्दावर लोक सारखे काही ना काही विचारत असतात. स्पर्धा परीक्षावाले व्याकरण विचारतात, नवीन आईबाप मुलांचं विचारतात, परदेशात मुलांना मराठी शिकवणारे पर्याय विचारतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळे एकत्र केलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. शाब्बास म्हणजे नक्की काय? छान, मस्त आणि शाब्बास एकच ना?

एकच नाही. छान आपण कशालाही म्हणतो, भाजी छान, साडी छान, हवा छान. पण भाजीला कुणी शाब्बास म्हणत नाही, भाजी करणारीला म्हणतो. शाब्बासला करणारा लागतो आणि त्याने काहीतरी जोर लावून, मन लावून केलेलं लागतं. "तू हे केलंस, मी बघितलं आणि मला आनंद झाला" एवढं सगळं त्यात येतं, आणि माझ्या मते त्यातलं "मी बघितलं" हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. करणारा माणूसच पाहिजे असं मात्र नाही हं, चढावर गाडी ओढणाऱ्या बैलाला "शाब्बास रे माझ्या राजा" म्हणतातच की, आणि पावसात एका किकमधे सुरू झालेल्या जुन्या स्कूटरला पण लोक म्हणतात, तेव्हा ती स्कूटर घरातलंच कुणीतरी झालेली असते.

२. हा शब्द आला कुठून?

फारसीतून. शाद म्हणजे आनंदी आणि बाश म्हणजे राहा किंवा हो. शाद बाश, आनंदी राहा. बोलताबोलता मधला द गेला आणि शाबाश झालं. म्हणजे मुळात हे कौतुकही नाही, तो आशीर्वाद आहे, आपल्या "सुखी राहा" सारखा. इराणमधे आजही लग्नात नाचणाऱ्यांना आणि नवरानवरीला खुशीने पैसे देतात त्याला शाबाश म्हणतात. आपल्याकडे पैशाचा अर्थ राहिला नाही, कौतुकाचा राहिला.

३. इराणचा राजा शाह अब्बास याच्या नावावरून शाब्बास आलं असं एक फॉरवर्ड फिरतंय, खरं आहे का?

नाही. ऐकायला जुळतं म्हणून पसरतं एवढंच. शाह अब्बास पहिला गादीवर आला १५८८ मधे आणि गेला १६२९ मधे. आणि फारसी कवी रूमी, जो १२७३ मधेच वारला, त्याच्या मसनवी या मोठ्या काव्यात अगदी सुरुवातीच्या ओळींतच तो प्रेमाला उद्देशून "शाद बाश" म्हणतो. म्हणजे राजाच्या तीनशे वर्षं आधी हे बोल फारसीत होते. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना एवढ्या दोन तारखा दाखवल्या तरी पुरे.

४. लिहायचं कसं, शाबास, शाब्बास की शाबाश?

जुन्या कोशांमधे शाबास दिसतं. शाब्बास हे बोलण्यातलं रूप, जोर दिला की ब वर आपोआप वजन येतं आणि आता छापतातही तसंच, त्यामुळे दोन्ही चालतात, फक्त एका लेखात एकच ठेवा. शाबाश हे हिंदी आणि उर्दूतलं. मराठीत शेवटचा श जाऊन स झाला, जसं बख्शिशचं आपण बक्षीस केलं तसंच. दोन्ही शब्द कौतुकाचेच आणि दोघांची वाट एकच, मला ही गोष्ट फार आवडते.

५. परीक्षेसाठी विचारतोय, शाब्बास ही शब्दाची कोणती जात?

केवलप्रयोगी अव्यय, त्यातला प्रशंसादर्शक प्रकार. भले, वाहवा, छान, फक्कड, खाशी हे त्याच यादीतले. अव्यय आहे म्हणून लिंग वचन काही बदलत नाही, मुलाला शाब्बास, मुलीला शाब्बास, अख्ख्या टीमला शाब्बास. बदलतं ते पुढचं, रे, गं, रे पोरांनो. पुढे उद्गारचिन्ह देतात, चॅटमधे लोक नुसता स्वल्पविराम देतात, त्यानेही कुणाचं बिघडत नाही. शाबासकी मात्र वेगळी, ते बघा पुढच्या प्रश्नात.

६. मग शाबासकी काय आहे?

ते नाम, स्त्रीलिंगी. शाबासकी मिळाली, शाबासकी दिली, शाबासकीची थाप. माणुसकी, आपुलकी, पाटीलकी यांच्यात जो की आहे तोच इथे लागलाय, म्हणजे मूळ शब्द फारसी आणि शेपूट मराठी. परीक्षेत "गुरुजींनी त्याला शाबासकी दिली" असं वाक्य देऊन अव्यय ओळखा म्हणतात, तिथे फसू नका, ते नाम आहे.

७. फारसी शब्द आहे तर वापरावा का? शुद्ध मराठी पर्याय सांगा.

पर्याय आहेत, भले, धन्य, वा, उत्तम, आणि ते चांगलेही आहेत. पण शाब्बास टाकून द्यायचं तर मग बाजार, दुकान, कागद, जखम, हजार, शाई आणि वर म्हटलेलं बक्षीस पण टाकावं लागेल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी, लोकांनी घरात काय बोलावं यासाठी नव्हे. आणि कवी माधव जूलियन यांचं बघा, १९२५ मधे त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, म्हणजे हा वाद जाणकार माणसाच्या एकाच डोक्यात दोन्ही बाजूंनी चालू शकतो. माझं मत विचाराल तर जो शब्द आजी नातवाची पाठ थोपटताना न अडखळता म्हणते तो मराठीच. ज्यांना भले म्हणायचंय त्यांनी जरूर म्हणावं, तो शब्द आता कमी ऐकू येतो आणि तो टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

८. काम व्हायच्या आधी शाब्बास म्हणता येतं का? परीक्षेला निघालेल्या मुलाला?

मराठीत शक्यतो नाही. आपलं शाब्बास काम झाल्यावर येतं, किंवा अर्ध्यात असताना, "शाब्बास, अजून एक घास", "शाब्बास, थोडंच राहिलंय". घरातून निघणाऱ्याला शाब्बास म्हटलं तर तो बघतच राहील. त्याला लागतो धीर. "जमेल तुला", "घाबरू नको", "बिनधास्त जा", "होऊन जाऊ दे" हे निघतानाचे शब्द.

उर्दूत आणि उत्तरेकडच्या हिंदीत तसं नाही, तिथे "शाबाश, उठो, दवाई पी लो" असं आधीच म्हणतात, म्हणजे तो हलकासा धक्का असतो. क्रिकेटमधे पण तसंच, स्टंपच्या माइकमधून विकेटकीपरचं शाबाश प्रत्येक बॉलला ऐकू येतं, विकेट पडलेली नसते, बॅट्समनने चौकार मारलेला असला तरी शाबाश. पाकिस्तानचा विकेटकीपर मोईन खान त्यांचा स्पिनर सकलेन मुश्ताकला शाबाश शाबाश करत राहायचा ते ज्यांनी नव्वदच्या दशकातल्या मॅच पाहिल्यात त्यांच्या कानात अजून असेल. तिथे ते बॉलरला दिलेल्या ठेक्यासारखं असतं, पुढच्या बॉलसाठीचं. आता क्रिकेटमुळे आपली मुलं पण मैदानावर तसंच म्हणतात आणि ते छानच आहे, पण घरातल्या मराठीत अजून शाब्बास म्हणजे झालेल्या कामाचं.

९. "शाब्बास रे पठ्ठ्या" मधला पठ्ठ्या कोण?

तालमीतला. वस्ताद शिकवतो, त्याच्या हाताखाली तयार झालेला पैलवान तो पठ्ठा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती लागली, हलगी कडाडतीय आणि अमक्या वस्तादाचा पठ्ठा असं पुकारलं की त्याच्या नावाबरोबर तालमीचं नाव पण आखाड्यात उतरतं. म्हणून शाब्बास रे पठ्ठ्या हे नुसतं कौतुक राहत नाही, "तू माझा आहेस" असं पण त्यात येतं. आता पठ्ठ्या कुणालाही म्हणतात, चौथीत वक्तृत्व स्पर्धा जिंकलेल्या पोरालाही, आणि मूळ अर्थ माहीत नसला तरी ती आपलेपणाची ऊब तशीच आहे. मुलीला शाब्बास गं पोरी, शाब्बास माझ्या वाघिणी म्हणतात, आणि कित्येक घरांत मुलीलाही सरळ वाघाच म्हणतात.

१०. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला शाब्बास म्हटलं तर चालतं का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोची होते. शाब्बास वरून खाली येतं. वस्तादाकडून पठ्ठ्याला, बाईंकडून वर्गाला, आईकडून लेकराला. बरोबरीच्यांत पण चालतं, मित्र मित्राला बिनधास्त म्हणतो. पण ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी प्रेझेंटेशन टाकलं आणि खाली ज्युनिअरने लिहिलं "शाब्बास सर" तर वाचणाऱ्यांना खटकतं, कारण त्याचा अर्थ होतो मी तुम्हाला तपासलं आणि पास केलं. मोठ्यांसाठी मराठीत दुसरे शब्द भरपूर आहेत. "कमाल केलीत काका", "मानलं तुम्हाला", "क्या बात है", "तुम्हीच करू जाणे", नाहीतर सरळ नमस्कार. गाण्याच्या बैठकीत पण ज्येष्ठ गवयाला श्रोते वाहवा देतात, शाब्बास म्हणायचा हक्क तिथे गुरूचा.

अपवाद दोन. पाच वर्षांची नात आजोबांना पतंग उडवल्यावर शाब्बास म्हणाली तर आजोबा खूशच होतात, ते लहानपणाला माफ असतं. दुसरा अपवाद दवाखान्याचा, तो पुढे ११ मधे.

११. आईला ऑपरेशननंतर चालवताना सिस्टर "शाब्बास आजी" म्हणतात, तिला आवडत नाही. आम्हीच जास्त मनाला लावून घेतोय का?

नाही, तिचं बरोबर आहे. सिस्टर आणि फिजिओथेरपीवाले हे प्रेमानेच म्हणतात आणि बऱ्याच पेशंटना त्याने हुरूप येतो, बाळंतपणाच्या वेळी तर "शाब्बास, अजून थोडा जोर" हे ऐकून बाईला खरंच बळ येतं. पण ज्या बाईने सत्तर वर्षं घर चालवलं, शेकड्यांनी पोरांना स्वतः शाब्बास म्हटलं, तिला दोन पावलं टाकल्यावर तोच शब्द खालच्या बाजूने ऐकावा लागतो, ते टोचू शकतं. सिस्टरना बाजूला घेऊन सांगा, तिला "जमतंय आजी, आज कालच्यापेक्षा जास्त चाललात" असं म्हणा, त्या ऐकतात. त्यात हुरूपही आहे आणि मानही.

१२. सासूबाई म्हणतात पोराचं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते. मग शाब्बास म्हणायचंच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. मीठमोहरी ओवाळणाऱ्या आजीचा जीव त्या पोरात असतो, तिच्याशी भांडू नका. पण नीट बघा, दृष्टीची भीती असते ती रूपाला, तब्येतीला, "किती गुबगुबीत झालाय" याला. केलेल्या कामाला शाब्बास म्हटल्यावर दृष्ट काढणारी आजी क्वचितच दिसेल, उलट तीच पहिली म्हणते.

खरी अडचण दृष्टीची नाही, सवयीची आहे. आपल्याकडे कित्येक वडिलांनी मुलाला तोंडावर कधी शाब्बास म्हटलं नाही, पण निकालाच्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले, ऑफिसात सगळ्यांना मार्कशीट दाखवली. मुलाला ते शेजारच्या काकूंकडून कळतं, कधी कधी वीस वर्षांनी कळतं. "तोंडावर बोललं की पोरं शेफारतात" असं त्या लोकांना प्रामाणिकपणे वाटायचं. मला वाटतं शाब्बास ऐकून कुणी शेफारत नाही, शेफारतं ते काही न करता मिळालेल्या कौतुकाने, आणि ते १३ मधे येतंय. तोंडावर म्हणा. पेढेही वाटा.

१३. मुलांना दिवसातून किती वेळा शाब्बास म्हणावं? प्रत्येक गोष्टीला म्हणायचं का?

आकडा नाही, पण कशासाठी ते सांगा. नुसतं शाब्बास शाब्बास करत राहिलं की तो फक्त आवाज राहतो. "शाब्बास, तीनदा चुकलं तरी गणित सोडलं नाहीस" यातलं पुढचं वाक्य पोर लक्षात ठेवतं, आणि तेच वाक्य सांगतं की तुम्ही खरंच बघत होता.

यावर क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींचा १९९८ चा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचवीतल्या मुलांना कोडी घातली, काहींना सांगितलं तू हुशार आहेस, काहींना सांगितलं तू मेहनत केलीस. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली, आणि त्यानंतर पुन्हा सोपी दिल्यावर हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. कारण कळण्यासारखं आहे, हुशार म्हटलेल्याला एकदा जमलं नाही की वाटतं आपली हुशारी खोटी होती. म्हणून "शाब्बास, माझा हुशार बाळ" पेक्षा "शाब्बास, बसून पूर्ण केलंस" कधीही बरं. वहीवर बाई लाल पेनने नुसतं शाब्बास लिहितात तेही पोरांना सोन्यासारखं असतं, पण ज्या बाई खाली एक ओळ जास्त लिहितात, "अक्षर सुधारलंय", त्यांची वही पोर जपून ठेवतं.

१४. मुलगा दहावीला काठावर पास झाला, शाब्बास म्हणू का? आणि नापास झालेल्या भाचीला काय म्हणू?

काठावर पास झालेल्याला विचार करून म्हणा. खरंच झगडून ३५ पर्यंत आला असेल तर त्याच्याएवढा शाब्बासचा हक्कदार कुणी नाही, मोठ्याने म्हणा, पाहुण्यांसमोर म्हणा. अभ्यासच केला नसेल तर तो शब्द त्यालाही खोटा वाटेल, तेव्हा "सुटलास, आता पुढचं बघू" एवढं पुरे.

नापास झालेल्या भाचीला शाब्बास नको, कुठल्याही चांगल्या हेतूने नको, ते टोमण्यासारखं लागतं. तिच्यासाठी धीराचे शब्द, जेवलीस का, पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचाय, मी येतो बरोबर. शाब्बास तेव्हा म्हणा जेव्हा ती परत पुस्तक उघडून बसेल, निकालाची वाट बघू नका.

१५. स्पर्धेत "उत्तेजनार्थ" बक्षीस मिळालं, म्हणजे शाबासकीच ना?

जवळपास. पहिल्या तीन नंबरांत न आलेल्यांपैकी ज्यांचं काम परीक्षकांना आवडलं त्यांना पुढच्या प्रयत्नासाठी दिलेलं ते बक्षीस. उत्तेजन म्हणजे तेज वाढवणं, पेटतं ठेवणं. शाबासकी झालेल्या कामाकडे बघते आणि उत्तेजन पुढच्या कामाकडे. बरेच लोक उत्तेजनार्थ मिळालं की लपवतात, का ते मला खरंच समजत नाही, कुणीतरी थांबून सांगितलंय की तू सोडू नकोस.

१६. शाब्बास म्हणणं आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवणं यात फरक काय?

हेतूचा. शाब्बास म्हणणाऱ्याला समोरच्याकडून काही नको असतं. झाडावर चढवणाऱ्याला काम करून घ्यायचं असतं, "तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही, तूच कर" म्हणतात आणि सगळी जबाबदारी एकाच्या गळ्यात पडते. ओळखायची खूण सोपी, कौतुकाच्या पाठोपाठ लगेच काम आलं तर सावध व्हा. दोन्हीकडे अंगावर मूठभर मांस चढतंच म्हणून त्या क्षणी फरक कळत नाही, संध्याकाळी कळतो.

१७. ग्लास फुटल्यावर आई "शाब्बास!" म्हणते, ते काय?

टोमणा. शब्द तोच पण सूर लांबतो आणि चेहरा हसत नाही. मोठ्यांमधे चालतं, मराठी माणूस त्याशिवाय राहणारच नाही. पण लहान पोराला अजून सूर ओळखता येत नसतो, त्याला एकदा शाब्बास म्हणजे कौतुक आणि एकदा शाब्बास म्हणजे रागावणं हे कळत नाही, मग खऱ्या शाब्बासच्या वेळी पण ते आधी तुमचा चेहरा तपासतं. एवढ्यासाठी तरी मुलांशी बोलताना हा शब्द टोमण्यासाठी वापरू नका, "अरे, फुटला, बाजूला हो, पायात जाईल" म्हणा.

१८. आम्ही परदेशात असतो, मुलं दिवसभर गुड जॉब ऐकतात. शाब्बास वापरलं तर त्यांना कळेल का?

कळेल, कारण हा शब्द हाताबरोबर येतो. पाठीवर थाप मारा आणि म्हणा, भाषांतर करावं लागत नाही. आणि मित्रमंडळीत तो एकटा पडणार नाही, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगालीत शाबाश आहे, तेलुगूत शभाष, तमिळमधे सबाष. शाळेतल्या चेन्नईच्या मित्राच्या घरी पण ओळखीचा निघेल.

१९. मला लहानपणी कुणी शाब्बास म्हटलं नाही, आता मुलीला म्हणताना जीभच वळत नाही. काय करू?

असं लिहिणारे खूप आहेत, त्यात वडील जास्त. मोठ्याने म्हणता येत नसेल तर लिहून सुरुवात करा, डब्यात चिठ्ठी टाका, मेसेज करा, तिच्या वहीच्या कोपऱ्यात लिहा. नाहीतर शब्द सोडा आणि नुसती पाठ थोपटा, शाबासकीची थाप शब्दाशिवायही पोचते. आणि १३ मधलं लक्षात ठेवा, तुम्ही काय बघितलं ते सांगितलं तरी झालं, "सायकल स्वतः पुसलीस ना आज". काही दिवसांनी पुढे तो शब्द येतोच.

२०. कुणी शाब्बास म्हटलं तर उत्तर काय द्यायचं?

तालमीत पठ्ठा वस्तादाच्या पाया पडतो, घरात पोरं नुसती हसतात, ऑफिसात थँक यू म्हणतात, सगळं बरोबर आहे. एकच करू नका, "नाही हो, मी काय केलं, असंच जमलं" असं म्हणून ती शाबासकी परत देऊ नका. समोरच्याने बघितलं म्हणून म्हटलंय, त्याचं बघणं खोटं पाडू नका. मोठं माणूस असेल तर वाका, बरोबरीचं असेल तर हसा, आणि ज्यांची मदत झाली असेल त्यांचं नाव तिथेच घ्या.